नववे रीळ

रीळ १

अमरावतीच्या कमलनयन टॉकीजमध्ये शुक्रवारच्या सहाच्या खेळाला तिसऱ्या रांगेतली कडेची जागा कोणी घेत नसे. ती देवमन तायडेची. खुर्ची नव्हे, बाकाचं टोक. पुढे बिड्या, मागे बिड्या, पायाखाली भुईमुगाची टरफलं.

'उजेड' साप्ताहिकाला टॉकीजकडून मिळणारा पास खरं तर बाल्कनीचा होता. देवमन तिथे एकदाच बसला. शेजारच्या गृहस्थांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव कोणतं आणि गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. मध्यंतरानंतर ते गृहस्थ तीन खुर्च्या पलीकडे बसलेले दिसले. पुढच्या शुक्रवारी तो खाली जाऊन बसला आणि रविवारी त्याच्या सदराला नाव मिळालं: 'तिसरी रांग'.

सदराखाली तो पूर्ण नाव छापायचा. संपादकांनी एखादं टोपणनाव घ्या म्हणून सुचवलं होतं. देवमन म्हणाला, "नाव हाय मले."

रीळ २

दिवसा तो 'उजेड'च्याच छापखान्यात प्रुफं तपासायचा. सिनेमावर लिहिणारे वऱ्हाडात तेव्हा आणखी चारपाच जण होते आणि त्यांची रीत ठरून गेलेली होती. टॉकीजच्या दारात आण्याला चोपडी मिळायची. तिच्यात गाणी, नटनट्यांची नावं आणि अर्ध्या पानात गोष्ट. गोष्ट ऐन मोक्यावर तोडलेली असायची आणि खाली छापलेलं असायचं, 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा.' परीक्षक चोपडी घरी न्यायचे, गोष्टीला आपल्या मनाने शेपूट लावायचे, 'संगीत श्रवणीय, छायाचित्रण बरे' असं लिहायचे आणि मोकळे व्हायचे. पडदा पाहायचं काम चोपडीने वाचकांना सांगितलेलं होतं, परीक्षकांना नव्हे.

देवमनही चोपडी घ्यायचा, पण वाचायचा नाही. एका अक्षरालाही डोळा लावायचा नाही. ती गुडघ्यावर पालथी घालायचा आणि तिच्या कोऱ्या पाठीवर अंधारात पेन्सिलीने लिहायचा. ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या. घरी गेल्यावर त्याची बायको ललिता म्हणायची, "कोंबडी नाचली वाटते आज." खेळ सुटला की तो चौदा पायऱ्या चढून ऑपरेटर बुधाजीच्या खोलीत जायचा, चहा प्यायचा, फिल्म कुठे तुटली, कुठे जोडली, विचारायचा. आणि मग जे पाहिलं तेच लिहायचा.

हे त्याचं इमान होतं. याच इमानाने त्याला बुडवलं, पण ते पुढच्या रिळांत.

रीळ ३

१९५७ ची दिवाळी सरली आणि भिंतींवर पत्रकं लागली. 'आडगावची सून'. मराठी बोलपट, आणि तो काढणारा आपल्या भागातला. अकोल्याकडचा किसनराव बारा वर्षं कोल्हापुरात दुसऱ्यांच्या हाताखाली राबला होता. हा त्याचा स्वतःचा पहिला सिनेमा.

नटी होती जमुना इंगळे. अकोल्याची. तिचा बाप दंडारीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतला आणि त्याने ढोलकी फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली. आता हे करायचं नाही. दोन-तीन महिन्यांत किसनराव दारात उभा राहिला, म्हणाला, पोरगी सिनेमात पाहिजे. वस्तीची बैठक बसली. नाचायचं नसेल, गायचं नसेल, नुसतं बोलायचं असेल तर जाऊ द्या, असं ठरलं. किसनरावाने तसं कागदावर लिहून दिलं.

ही हकीकत अमरावतीला सगळ्यांना ठाऊक होती. 'उजेड'चे मालक-संपादक खुशालराव देशमुख यांनाही. दर्यापूरकडे त्यांची काळीशार जमीन होती, आणि माणूस भला होता. आपण भले आहोत हे मात्र ते समोरच्याला विसरू देत नसत.

"तायडे, येत्या शुक्रवारी तुमच्यातली पोरगी हाय म्हणतात सिनेमात."

"आयकलं म्या."

"नाही, मी काही म्हणत नाही. लोक पाहून राहिले, एवढंच. हात सैल सोडला त म्हणतीन, आपली म्हणून सोडली."

"मी कोणाले सोडत नाही, खुशालराव."

"तेच म्हणतो मी. तेच."

रीळ ४

सिनेमा सुरू झाला. मथुरा नावाची सून, सासरी तिच्यावर चोरीचा आळ, नवरा मुका उभा. मथुरा पहाटे घराची कडी काढते आणि बाहेर पडते. जीव द्यायला निघाली हे तिच्या चालीवरून कळतं.

पडदा जरा हलला. आवाज टचकन तुटला. कोणीतरी शिटी मारली, पण कमलनयनमध्ये शिट्या भजनाच्या सिनेमालाही पडायच्या.

आणि मथुरा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती.

त्याच क्षणी देवमनच्या डोक्यात एक वाक्य आलं. लिहिणाऱ्याला असं वाक्य महिन्यातून एखादं मिळतं. ते त्याने चोपडीच्या पाठीवर उतरवलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. पुढची चार रिळं तो सिनेमा पाहत होता असं म्हणवत नाही. तो आपल्या वाक्याला साक्षीदार गोळा करत होता. मथुरा दारात उभी राहिली, हा एक. मथुरा गोठ्यापाशी उभी राहिली, हा दुसरा.

खेळ सुटल्यावर चौदा पायऱ्या तिथेच होत्या. त्या शुक्रवारी तो चढला नाही. वर जाऊन चहा प्याला असता तर वाक्य गार झालं असतं.

रीळ ५

'उजेड', रविवार, पान चार:

*…जीव द्यायला घराबाहेर पडलेली मथुरा पुढच्याच दृश्यात भाकरी थापताना दिसते. ती का परतली? दिग्दर्शकाला कारण सापडलेले नाही, आणि नटीला ते शोधावेसे वाटलेले नाही. जमुनाबाई पडद्यावर नुसत्या उभ्या आहेत. उभे राहणे म्हणजे अभिनय असता, तर टॉकीजबाहेरच्या विजेच्या खांबाने आजवर शंभर चित्रपट गाजवले असते. आपल्या भागातला, आपल्या माणसांचा चित्रपट म्हणून हात सैल सोडावा असे काहींना वाटेल. प्रस्तुत लेखकाला ते जमणार नाही.*

*– देवमन तायडे*

रीळ ६

खांबाचं वाक्य दुपारपर्यंत राजकमल चौकात पोचलं. पानठेल्यावर लोक ते एकमेकांना वाचून दाखवत होते. टॉकीजबाहेरच्या खांबाला कोणीतरी झेंडूचा हार घातला.

सोमवारी छापखान्याच्या दारात ते बाल्कनीतले गृहस्थ थांबले. आत आले नाहीत, पण थांबले. म्हणाले, "वा, तायडे. निःपक्षपाती."

तो शब्द देवमनला दिवसभर पुरला.

घरी ललिताने पेपर वाचून घडी केली, परत उघडला, परत घडी केली.

"तिनं काय केलं होतं तुमचं?"

"काम वाईट केलं."

"म्हणून खांब म्हणाव?"

"तुले नाही समजत ते."

"नसन समजत," ललिता म्हणाली आणि पेपर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. एरवी त्याचा अंक ती खालच्या फळीत, हाताशी ठेवायची.

रीळ ७

बुधवारी पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या.

*सप्रेम जयभीम. तुमचा पेपर इथे एकाने आणला. मी दोनदा वाचला. माझे शिक्षण थोडे आहे. मी नुसती उभी राहते असे लिहिले ते खरे असेल. पण विहिरीवर मी पाण्याशी बोलते ते तुम्हाला कसे वाटले ते लिहिले नाही. त्याला दोन दिवस लागले होते. किसनरावभाऊ म्हणाले होते की सगळा सिनेमा तिथे आहे. वाईट असले तरी लिहा म्हणजे मला समजेल. मी अजून सिनेमा पाहिला नाही. पंधरवड्याने अकोल्याला लागणार आहे, तेव्हा आई आणि वस्तीतले सगळे पाहणार आहोत.*

*आपली, जमुना इंगळे.*

देवमनने ते उभ्यानेच वाचलं. विहीर? कोणती विहीर?

त्याने कोटाच्या खिशातून चोपडी काढली. पाठीवर त्याचं कोंबडीचं अक्षर. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चोपडी उलटून सुलट केली. गोष्टीची शेवटची ओळ अशी होती: *मथुरा पहाटे विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहते. तेथे असे काय घडते की तिचे पाऊल मागे वळते? पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा.*

रीळ ८

चौदा पायऱ्या.

बुधाजी यंत्राला तेल देत होता. मान न वळवता म्हणाला, "या. शुक्रवार चुकला तुमचा."

"बुधाजीभाऊ, आडगावच्या सुनेत विहीर हाय का?"

"हाय ना. नवव्या डब्यात."

"म्या नाही पायली."

"कशी पायसान? नववा डबा बडनेऱ्याहून आलाच नाही."

बुधाजीने चिंध्या खाली ठेवल्या आणि सांगितलं. सिनेमाची प्रिंट एकच आली होती आणि टॉकीजा दोन. बडनेऱ्याला रेल्वेवाल्यांच्या पाळीसाठी खेळ दीड तास आधी सुरू व्हायचा. तिथे एकेक रीळ संपलं की ते डब्यात घालून सायकलवरून अमरावतीला यायचं. असं नेहमीच चालायचं. त्या शुक्रवारी नववा डबा सायकलच्या कॅरिअरवरून निसटला, उघडला, आणि फिल्म रस्त्यावर पसरली. वरून एक बैलगाडी गेली. बडनेऱ्याच्या ऑपरेटरने जमेल तेवढं गोळा करून पुसायला-जोडायला ठेवलं.

"म्या मंग आठव्याले धाव्वं लावून देल्लं. काय करता? लोक बोंबलले असते."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं?" बुधाजीने आता मान वळवली. "दर खेपी वर येता, चा पेता, हे कापलं का अन् ते जोडलं का इचारता. त्या दिवशी तरातरा निंगून गेले. मले वाटलं साहेब खुशीत हायेत."

"अन् शनवारी? रविवारी?"

"आला नाही त कोठून लावू? आठवडाभर बारा डब्यायवरच चालवला. कोणी इचारलं नाही. तुमीच लिवून देल्लं ना, उभी हाय म्हणून."

रीळ ९

नाही.

रीळ १०

गुरुवारी देवमनने खुलासा लिहिला. आठ वेळा खोडला. शेवटी एवढाच राहिला:

*गेल्या अंकातील परीक्षण लिहिताना 'आडगावची सून'चे नववे रीळ दाखवले गेले नव्हते, हे आमच्या ध्यानात आले नाही. चूक परीक्षकाची आहे. जमुनाबाईंचे काम आम्ही पाहिलेले नाही. त्याविषयी लिहिलेले सर्व मागे घेत आहोत.*

खुशालरावांनी तो चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"छापायले माही ना नाही," ते म्हणाले.

देवमन उभा राहिला.

"पण तायडे, तुमाले या सदरावर बसवलं तवा चार जण माह्या अंगावर आलते. म्हणे, प्रुफं पाहू द्या, लिहू काहून देता? त्याइले म्या काय सांगतलं, ठाव हाय? म्हटलं, साऱ्या वऱ्हाडात हा एकच मानूस चोपडी पाहून लिहीत नाही. सोता पाहून लिहितो." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आता एक डबाचा डबा गायब, अन् तुमाले पत्ता नाही. मी त्याइले काय सांगू?"

"खरं हाय ते सांगा."

"सांगतो ना. तुमी म्हणसान त सांगतो. दुसरं असं, की गेल्या रविवारी खांब अन् या रविवारी खुलासा. लोक म्हणतीन वस्तीनं दम भरला. मी नाही म्हणत तसं. लोक म्हणतीन." कागद त्यांनी देवमनकडे सरकवला. "तुमीच ठरवा. तुमी द्या, मी छापतो."

खुशालराव कधीच नाही म्हणत नसत. खाली मशीनचा आवाज सुरू होता. चौथ्या पानाचा मजकूर जुळून तयार होता, त्यात सदरापुरती जागा मोकळी होती आणि जुळारी हातात शिशाचे खिळे घेऊन वाट पाहत होता.

देवमनला ते गृहस्थ आठवले, दारात थांबलेले. निःपक्षपाती.

"पुढच्या अंकाले पाहू," तो म्हणाला.

हे त्यानेच म्हटलं. पुढे कधी कोणाला सांगताना त्याने त्यात खुशालरावांना घुसडलं नाही, एवढं त्याच्या बाजूने नोंदवायला हरकत नाही.

रीळ ११

पुढच्या अंकाला काही झालं नाही.

अकोल्याच्या टॉकीजमालकाने 'उजेड'चं कात्रण वितरकाला पाठवून दिलं आणि ठरलेल्या शुक्रवारी दुसराच सिनेमा लावला. मग 'आडगावची सून' मूर्तिजापूरनेही घेतली नाही, खामगावनेही नाही. किसनराव तेल्हाऱ्याकडे गेला आणि पिठाची गिरणी चालवू लागला.

पोस्टकार्डाला उत्तर देण्यासाठी देवमन अनेकदा बसला. पहिलं वाक्य चांगलं जमायचं. चांगलं जमलं की त्याला त्याची भीती वाटायची आणि तो कागद फाडायचा.

सदर चालू राहिलं. आठ वर्षं. दर शुक्रवारी तो खेळाच्या आधी चौदा पायऱ्या चढून डबे मोजायचा आणि खेळानंतर पुन्हा चढायचा. परीक्षणात एक शब्दप्रयोग वारंवार यायला लागला, 'दाखवण्यात आलेल्या भागापुरते बोलायचे तर'. लोक म्हणत, तायडेच्या पेन्सिलीला आता टोक राहिलं नाही.

रीळ १२

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात बडनेऱ्याची ती पत्र्याची टॉकीज पाडायला काढली. यंत्राचे सुटे भाग घ्यायला बुधाजी गेला आणि काखेत एक डबा घेऊन सरळ छापखान्यात आला. डब्यावर खडूने लिहिलेलं होतं: आ. सू. ९.

देवमनने त्याला हात लावला नाही.

"बाकीची प्रिंट?"

"ते कवाच गेली. जुन्या फिल्मा धुतात ना, चांदी काढायले. बारा डबे गेले त्यात." बुधाजीने झाकणावरची धूळ बाहीने पुसली. "रायलं तेवढं हेच."

"चालन का?"

"धा मिन्टं चालन. माहा साडू अकोल्याच्या टॉकीजले ऑपरेटर हाय. बाराच्या खेळाच्या आंधी लावून देईन." मग म्हणाला, "ते सिनेमातली पोरगी तथीच असते. टॉकीजच्या समोर सरकारी दवाखाना हाय, तथी आया हाय. साडू रोज पायते तिले."

रीळ १३

दवाखान्याच्या लांब ओसरीत ती समोरून आली. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात झाकलेलं भांडं. बुधाजी टॉकीजमध्ये यंत्रापाशी थांबला होता; त्याच्या साडूने लांबूनच बोट दाखवलं आणि तो मागे फिरला.

"जयभीम," देवमन म्हणाला. "मी देवमन तायडे. अमरावतीहून."

तिने भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"खांबवाले?"

"व्हय."

ती थोडं हसली. राग आला असता तर देवमनला बरं वाटलं असतं. राग ऐकायची तयारी त्याने गाडीत बडनेऱ्यापासून केली होती.

"इथं सिनेमा लागाचा होता त्या शुक्रवारी आमच्या वस्तीतले चाळीस जण निंगाले होते पाहाले," ती सहज सांगू लागली. "माय सगळ्यायच्या पुढं. पंचफुलाबाईची पोरगी सिनेमात हाय, मंग काय. पांढरी लुगडी नेसून, जसे दीक्षेले नागपूरले गेल्तो तसे. तथी गेलो त भलताच बोर्ड. मायनं तिकिटाच्या मानसाले इचारलं, बाबू, माही पोरगी कोठी हाय? तो म्हणे, आजी, पोरगी हरपली त पोलिसात जा."

देवमनने काखेतला डबा घट्ट धरला.

"लय दिवस हसे वस्ती. माय नाही हसे. गेली ते, तीन वर्सं झाली." तिने त्याच्या काखेतल्या डब्याकडे पाहिलं. "ते काय हाय?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं: सायकल, बैलगाडी, चौदा पायऱ्या. फक्त खुलासा त्याने सांगितला नाही. तो कोटाच्या आतल्या खिशात होता, घडीवर घडी पडून कापडासारखा मऊ झालेला. रीळ पाहून झालं की तिच्या हातात द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"मी बोलते ते हाय त्याच्यात?"

"हाय. विहिरीचं सगळं त्याच्यातच हाय."

जमुनाने भांडं खाली ठेवलं आणि दुसऱ्या आयेला हाक मारली. "मैना, अर्धा घंटा सांभाळ वो. मी सिनेमा पाहून येते."

"बारा वाजाच्या आंधी कोणता सिनेमा असते?"

"माहा," जमुना म्हणाली.

रीळ ९

रिकाम्या टॉकीजमध्ये ती दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसली. हाक आली तर उठता यावं म्हणून. देवमन सवयीने तिसऱ्या रांगेत गेला.

चित्रावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा होत्या. बडनेऱ्याच्या रस्त्याच्या. आधी सासूचं काहीतरी बोलणं, त्यातले अर्धे शब्द गेलेले. मग पहाट, शेतातली वाट. मग विहीर. मथुरा काठावर येते. रहाटाच्या दोराला धरून उभी राहते. खाली पाहते. बराच वेळ पाहते. तोंड उघडते.

चित्र उडालं.

मथुरा पाणी शेंदत होती. ओंजळीने प्याली, तोंडावर मारलं आणि घराच्या वाटेला लागली. शेवटी पांढरा पडदा.

दिवे लागले. जमुना मागून म्हणाली, "झालं?"

"झालं," देवमन म्हणाला.

"अन् मी बोलते ते?"

वरच्या झरोक्यातून बुधाजीने डोकं काढलं. "तेवढाच तुकडा फाटला असन, बाई. त्या मानसानं कापून पुढचं जोडलं."

देवमन बाकावरून मागे वळला.

"काय म्हटलं होतं तुमी तथी?" देवमनने विचारलं.

"मले वाटलं आज आयकाले भेटन." ती आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळावर आठी होती. "पाण्याले म्हणते काहीतरी. तू काय… नाही. मायले पाठ होतं. म्या घरी म्हणून दाखवलं होतं तिले, मंग ते रोज म्हणे भांडे घासता घासता." आठी गेली. "मंग तुमचं बरोबरच होतं, भाऊ. मी नुस्ती उभीच त हाय."

"नाही बाई, तुकडा गेला म्हणून तसं—"

"मले काय ठाव? म्या त आजच पायलं सोताले. उभी हाय, अन् मंग पाणी काढून राहिली. काहून ते समजतच नाही." ती उठली. पदर सारखा केला. "आठ वर्सं उगंच तुमाले नावं ठेवली आमी. माय त लयच बोले. राग नोका धरू."

ती गेली. दाराचा पडदा काही वेळ हलत राहिला.

देवमनने खिशातून खुलासा काढला. *जमुनाबाईंचे काम आम्ही पाहिलेले नाही.* आता तेही खरं राहिलं नव्हतं.

"बुधाजीभाऊ," तो म्हणाला, "परत लाव."

"बाराचे लोक जमून राहिले बाहेर."

"एक डाव."

या खेपेला त्याच्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं. सासू, पहाट, वाट, विहीर. मघाशी तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, शब्द येतील म्हणून. आता त्याला ठाऊक होतं की शब्द येणार नाहीत, म्हणून त्याची नजर खाली राहिली. उजवा हात दोरावर आवळलेला. खाली पाहताना बोटं एकेक करून सैल झाली. आणि तोंड उघडायच्या आधी, एवढ्याशा वेळात, डाव्या हाताने तिने पदर ओढला आणि कमरेला खोचला.

चित्र उडालं.

जीव द्यायला आलेली बाई पदर खोचत नाही. पदर खोचते ती कामाला लागणारी बाई. मथुरा परत जायचं ठरवून मोकळी झाली होती, बोलायच्याही आधी. कारण तिथे होतं. ते किसनरावाने सांगितलं नसणार. पुरुषाला ते सुचत नाही. ते तिला सापडलं होतं.

देवमन उठला तेव्हा लोक आत यायला लागले होते. त्यांच्यातून उलटं जात, रस्ता ओलांडून तो दवाखान्याच्या फाटकाशी पोचला. फाटक आता लागलेलं होतं. आत स्टुलावर पहारेकरी तंबाखू मळत होता.

"भेटाची येळ चारले."

"पेशंटले नाही भेटाचं. जमुनाबाईले एक सांगाचं हाय. एकच मिन्ट."

"कोणती जमुना? तीन हायेत."

"इंगळे."

"इंगळे कोणी नाही." लग्नानंतरचं तिचं आडनाव देवमनने विचारलंच नव्हतं. पहारेकऱ्याने तंबाखू तोंडात टाकली. "कोणत्या वार्डातली?"

"ते ठाव नाही. सिनेमात होती ते."

पहारेकऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कोट, पेन्सिल, हातातला मऊ झालेला कागद.

"सिनेमातली कोणी नाही इथं, बाबू," तो म्हणाला. "चारले या."

परतीची गाडी दोनला होती. देवमनने ती जाऊ दिली आणि समोर नालीवरच्या रपट्यावर बसून राहिला. चार वाजता फाटक उघडलं, तेव्हा दिवसपाळीच्या आया मागच्या दाराने केव्हाच घरी गेल्या होत्या.